कुटुंब-शाळा सहकार्य आणि मुलांचे अध्ययन : ऊसतोड कामगारांच्या पाल्यांच्या विशेष संदर्भात एक विवेचन

गोषवारा :
मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब आणि शाळा यांचे सहकार्य आवश्यक असते, हे तत्त्व सर्वमान्य आहे. व्यवहारात मात्र पालकाने शाळेत येणे एवढाच या सहकार्याचा अर्थ रूढ झालेला दिसतो. वर्षातील पाच-सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या बाबतीत हा अर्थ अपुरा ठरतो. प्रस्तुत लेखात या सहकार्याची संकल्पना, तिची महाराष्ट्रातील परंपरा, कायद्याची चौकट आणि स्थलांतरित कुटुंबांच्या संदर्भात तिचे प्रत्यक्ष स्वरूप यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कुटुंब, शाळा, पालक सहभाग, हंगामी स्थलांतर, ऊसतोड कामगार, शाळा व्यवस्थापन समिती.

प्रस्तावना :
मूल शाळेत दिवसाचे पाच-सहा तास असते. उरलेला वेळ ते कुटुंबात आणि परिसरात घालवते. भाषा, सवयी, जिज्ञासा, स्वतःविषयीचा विश्वास या गोष्टी त्याला प्रथम घरातून मिळतात आणि शाळा त्यावर पुढील बांधणी करते. म्हणूनच घर आणि शाळा यांच्यात मेळ असेल तर अध्ययन सुलभ होते आणि मेळ नसेल तर मुलाला दोन वेगळ्या जगांत एकट्याने ये-जा करावी लागते.

महाराष्ट्रातील बहुतेक शाळांत पालकसभा होतात, प्रगतिपुस्तकावर पालकांची स्वाक्षरी घेतली जाते, समित्यांच्या बैठकांचे इतिवृत्त लिहिले जाते. तरीही 'पालक उदासीन आहेत' ही शिक्षकांची आणि 'शाळा आम्हाला विचारत नाही' ही पालकांची तक्रार कायम आहे. या दोन्ही तक्रारींचे मूळ शोधायचे असेल, तर जेथे घर आणि शाळा यांच्यातील अंतर सर्वांत जास्त आहे असे उदाहरण तपासणे उपयुक्त ठरते. ऊसतोड कामगारांचे कुटुंब हे असे उदाहरण होय. येथे हे अंतर मनाचे तर असतेच, पण कित्येकदा दोन-तीनशे किलोमीटरचेही असते.

सहकार्याची संकल्पना :
अमेरिकेत १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलमन अहवालाने विद्यार्थ्यांच्या संपादनातील फरकांचा कौटुंबिक पार्श्वभूमीशी घनिष्ठ संबंध असल्याचे दाखवले. घर महत्त्वाचे आहे, हे यातून स्पष्ट झाले. मात्र शाळेने घरासोबत काय करावे हा प्रश्न शिल्लक राहिला. युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या परिस्थितिकीय सिद्धांताने या प्रश्नाला दिशा दिली. घर आणि शाळा ही मुलाची दोन स्वतंत्र वातावरणे असली, तरी त्या दोहोंमधील संबंध हा स्वतःच विकासावर परिणाम करणारा घटक असतो, असे त्यांनी प्रतिपादन केले.

जॉइस एपस्टाइन यांनी पुढे कुटुंब, शाळा आणि समाज यांच्या परस्परांत मिसळणाऱ्या प्रभावक्षेत्रांची कल्पना मांडून सहभागाचे सहा प्रकार सांगितले : पालकत्वास साहाय्य, परस्परसंवाद, स्वयंसेवा, घरी होणारे अध्ययन, निर्णयप्रक्रियेतील सहभाग आणि समाजाशी सहकार्य. यांपैकी 'पालकसभेला उपस्थिती' हा एका प्रकाराचा केवळ एक भाग आहे, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

कोणता सहभाग अधिक परिणामकारक ठरतो, याविषयीचे निष्कर्षही उद्बोधक आहेत. चार्ल्स डेसफोर्ज आणि अल्बर्टो अबूशार यांनी २००३ मध्ये ब्रिटिश शासनासाठी केलेल्या संशोधन-आढाव्यात, पालकांच्या शाळेतील वावरापेक्षा घरातील संवाद, अपेक्षा आणि प्रोत्साहन यांचा मुलांच्या संपादनाशी अधिक निकटचा संबंध असल्याचे नमूद केले. नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांच्या २००९ च्या विश्लेषणात, पौगंडावस्थेतील मुलांच्या बाबतीत शिक्षणाचे मोल समजावणे, भविष्याविषयी बोलणे अशा सहभागाचा संपादनाशी सर्वाधिक संबंध आढळला. गृहपाठातील मदतीचा मात्र तसा संबंध आढळला नाही. म्हणजे अक्षरओळख नसलेला पालकही परिणामकारक सहभागापासून वंचित राहण्याचे कारण नाही.

भारतातील एक अभ्यास येथे विशेष लक्षणीय आहे. रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलँड यांनी बिहार व राजस्थानातील गावांमध्ये मातांसाठी साक्षरता वर्ग, घरी मुलांसोबत करावयाच्या कृतींचे साहित्य आणि या दोहोंचा एकत्रित कार्यक्रम यांचे परिणाम तपासले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार मातांचे स्वतःचे ज्ञान आणि मुलांच्या अभ्यासातील त्यांचा सहभाग वाढला, तर मुलांच्या गणितातील संपादनात अल्प वाढ झाली. ही वाढ मोठी नव्हती, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. पालक सहभाग हा अध्यापनाला पर्याय नव्हे. चांगल्या अध्यापनाला मिळणारी ती जोड आहे.

महाराष्ट्रातील परंपरा :
घर आणि शाळा यांच्या संबंधाचा विचार महाराष्ट्राला नवीन नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंडाची तरतूद केली. शिक्षण ही केवळ पालकाच्या मर्जीची बाब राहू नये, हा या भूमिकेमागील दूरदर्शी विचार होता.

या सक्तीच्या मार्गाला पूरक असा दुसरा मार्ग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवला. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले आणि १९५७ पासून डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे विस्तारलेले त्यांचे कार्य आदिवासी मुलांमध्ये होते. मुले शाळेत येत नाहीत याचे कारण त्यांनी पालकांच्या अज्ञानात शोधले नाही; त्यांनी मुलांचा दिवस पाहिला. लहान भावंडे सांभाळावी लागतात म्हणून मुली येत नाहीत, असे दिसल्यावर अंगणातच बालवाडी भरू लागली. गुरे राखावी लागतात म्हणून मुलगे येत नाहीत, असे दिसल्यावर शाळाच कुरणावर गेली आणि तिला 'कुरणशाळा' हे नाव मिळाले. कुटुंबाच्या श्रमाचे वेळापत्रक समजून घेऊन शाळेने स्वतःला त्याप्रमाणे बदलणे, हे कोसबाडच्या प्रयोगाचे सूत्र होय.

कायद्याची चौकट :
२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क द्वारे ६ ते १४ वयोगटातील मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्याच वेळी अनुच्छेद ५१-क मध्ये मुलाला शिक्षणाची संधी देण्याचे कर्तव्य पालकांवर सोपवले. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मध्ये या दोन्ही बाजूंचा विस्तार आढळतो.

या अधिनियमातील काही तरतुदी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. कलम २१ नुसार शासकीय व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असून तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य माता-पिता किंवा पालक आणि निम्मे सदस्य महिला असणे आवश्यक आहे. कलम २२ नुसार ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते. कलम २४ ने शिक्षकांवर पालकांसोबत नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, अध्ययनक्षमता व प्रगती यांची माहिती देण्याचे कर्तव्य सोपवले आहे. कलम ९ नुसार स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. वयानुरूप वर्गात प्रवेश (कलम ४) आणि सत्र सुरू झाल्यानंतरही प्रवेश (कलम १५) यांचीही तरतूद आहे.

म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले आहे. मात्र त्या दारापर्यंत कुटुंब कसे पोहोचेल, हा प्रश्न कायदा सोडवत नाही.

ऊसतोड कुटुंबाचे वर्ष आणि शाळेचे वर्ष :
बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतील कोरडवाहू भागातून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीसाठी जातात. मुकादमाकडून 'उचल' घेतली जाते. पती-पत्नीची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो. त्यामुळे पती जाईल आणि पत्नी मुलांजवळ राहील, ही शक्यता या व्यवस्थेत सहसा उरत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि गळीत हंगाम संपून पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात.

हे वर्ष शाळेच्या वर्षाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे समस्येचे स्वरूप स्पष्ट होते. प्रथम सत्र दिवाळीपूर्वी संपते आणि दिवाळीनंतर द्वितीय सत्र सुरू होते. कुटुंबासोबत जाणाऱ्या मुलाचे जवळजवळ संपूर्ण द्वितीय सत्र फडावर जाते. वार्षिक परीक्षेच्या सुमारास ते परतते, तेव्हा त्याच्या वर्गाने निम्मा अभ्यासक्रम त्याच्याशिवाय पूर्ण केलेला असतो. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियमांत बदल करून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा आणि तीतही अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. या मुलांच्या दृष्टीने ही तरतूद गंभीर आहे. जे सत्र त्यांनी वर्गात बसून शिकलेलेच नाही, त्याची परीक्षा त्यांना द्यावी लागते आणि एकदा मागे राहिलेले मूल शाळा सोडण्याची शक्यता वाढते.

फडावरचा दिवस पहाटेपूर्वी सुरू होतो. आईवडील ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात. खोपीवर तान्ह्या भावंडाजवळ दहा-अकरा वर्षांची मुलगी असते. अशा मुलीच्या शाळाबाह्य असण्याचे कारण 'पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटलेले नाही' असे नोंदवले जाते. वस्तुतः 'तान्हे मूल कोण सांभाळणार' या प्रश्नाला त्या कुटुंबाकडे दुसरे उत्तर नसते. कारखाना परिसरातील पाळणाघर किंवा अंगणवाडी ही केवळ आरोग्याची बाब नसून मोठ्या बहिणीच्या शिक्षणाची पूर्वअट आहे, हे कोसबाडच्या अनुभवावरूनच लक्षात यायला हवे होते.

उपलब्ध व्यवस्था :
या मुलांसाठी महाराष्ट्रात तीन प्रकारचे मार्ग अवलंबले गेले. पहिला मार्ग कारखाना परिसरात चालणाऱ्या साखरशाळांचा. त्यांनी मुलांना शिक्षणाच्या संपर्कात ठेवले. परंतु टोळ्यांचे सतत बदलणारे मुक्काम आणि हंगामापुरते शिक्षक या त्यांच्या मर्यादा होत्या. दुसरा मार्ग जवळच्या नियमित शाळेत प्रवेशाचा. मूळ शाळेने दिलेल्या शिक्षण हमी पत्रकाच्या आधारे मुलाला मुक्कामाच्या ठिकाणी प्रवेश मिळावा, अशी यामागील योजना आहे. मुक्काम कर्नाटकात असल्यास मात्र माध्यमाचा प्रश्न उभा राहतो. तिसरा मार्ग मुलाला गावातच ठेवण्याचा. हंगामी वसतिगृहांच्या माध्यमातून मुलांच्या जेवणाची सोय करून त्यांना आजी-आजोबांजवळ राहणे शक्य केले जाते. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही जाहीर झाली. २०१७ पासूनच्या बालरक्षक चळवळीत अनेक शिक्षकांनी स्थलांतरापूर्वी घरोघरी जाऊन पालकांशी बोलण्याचे काम केले.

या तिन्ही मार्गांत कुटुंबाचा निर्णय मध्यवर्ती आहे. मुलाला मागे ठेवायचे तर त्याच्या जेवणाची, आजारपणाची आणि मुलगी असल्यास तिच्या सुरक्षिततेची खात्री पालकाला हवी असते. ही खात्री नसल्यास मुलीला सोबत नेणे किंवा तिचा विवाह लवकर उरकणे, हे दोनच पर्याय कुटुंबाला दिसतात. पालकाला शिक्षणाचे महत्त्व सांगण्यापेक्षा शाळेने ही खात्री देणे अधिक परिणामकारक ठरते.

सहकार्याचे प्रत्यक्ष स्वरूप :
वरील विवेचनाच्या आधारे कुटुंब-शाळा सहकार्याची काही व्यवहार्य सूत्रे मांडता येतात.

१) सभांचे नियोजन कुटुंबाच्या वर्षानुसार असावे. डिसेंबर-जानेवारीत घेतलेली पालकसभा स्थलांतरित पालकांच्या गावात अर्थशून्य ठरते. शाळा विकास आराखडा, वसतिगृहाचे नियोजन आणि प्रत्येक मुलाविषयीचा संवाद जुलै ते सप्टेंबर या काळात पूर्ण व्हावा. 'यंदा कोण जाणार, कोण राहणार, राहणाऱ्याजवळ कोण असेल' ही यादी दसऱ्यापूर्वी शाळेकडे असावी.

२) आजी-आजोबांना पालक मानावे. अधिनियमातील पालकाच्या व्याख्येत मुलाचे संगोपन व ताबा ज्याच्याकडे आहे, अशा व्यक्तीचा समावेश होतो. नातवंडाला सांभाळणारी आजी ही या अर्थाने पालकच होय. तिला सभेचे निमंत्रण देणे, मुलाची प्रगती तिला समजेल अशा शब्दांत सांगणे आणि समितीच्या कामात तिचे म्हणणे ऐकणे, हे कायद्याच्या आशयाशी सुसंगत आहे.

३) पालकाला करता येईल असे काम सांगावे. 'मुलाचा अभ्यास घ्या' ही सूचना निरक्षर पालकाला अपराधी वाटायला लावते. तिचा अन्य उपयोग होत नाही. 'रोज रात्री त्याला एक पान मोठ्याने वाचायला सांगा आणि ऐका', 'आज शाळेत काय झाले ते विचारा' या सूचना मात्र कोणालाही पाळता येतात. वाचता न येणाऱ्या आईलाही ऐकता येते आणि मूल अडखळते की सलग वाचते, हे तिला कळते. २०२२ पासून राज्यात राबवलेल्या 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानातील मातागटांची रचना याच विचारावर आधारलेली आहे.

४) घरातील श्रमाचे ज्ञान वर्गात यावे. कारखान्याच्या वजनकाट्यावरील पावती, टनाचा दर, उचलीतून होणारी वजावट, मोळ्यांची मोजणी यांत दशांश, गुणाकार, वजाबाकी आणि शतमान हे सर्व आहे. पाचवी-सहावीतील मुलाला हा हिशेब करता आला, तर मुकादमाच्या वहीतील आकडे घरातील कोणाला तरी वाचता येतात. शिकण्याचा उपयोग कुटुंबाला त्याच हंगामात दिसतो आणि शिक्षणाचे मोल वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

५) संपर्क तुटू देऊ नये. २०२० मधील टाळेबंदीच्या काळात शिक्षकांनी भ्रमणध्वनीद्वारे मुलांशी संपर्क राखला. त्या काळातील मर्यादाही सर्वांना ज्ञात आहेत; साधनांअभावी अनेक मुले वंचित राहिली. तरीही आठवड्यातून एकदा सायंकाळी केलेला साधा दूरध्वनी मुलाला आपण शाळेचे आहोत ही जाणीव देतो. वडिलांचा मुक्काम कोठे आहे हेही त्यातून कळते आणि मुक्कामाजवळच्या शाळेशी बोलणे शक्य होते.

६) परतलेल्या मुलासाठी स्वतंत्र नियोजन असावे. मुलगा परतल्यावर 'इतके दिवस कोठे होतास' या प्रश्नाने त्याचे स्वागत होऊ नये. त्याला काय येते हे तपासून परीक्षा, पुनर्परीक्षा आणि उन्हाळ्यातील काळ यांचा उपयोग करून विशेष प्रशिक्षण देणे आवश्यक आहे. पालकही याच काळात गावात असतात; म्हणून हीच पालकभेटीची दुसरी योग्य वेळ होय.

महाविद्यालयांची भूमिका :
हा प्रश्न केवळ प्राथमिक शाळांचा नाही. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांतील बी.एड. अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला असून त्यात शालेय आंतरवासितेला मोठा वाव आहे. या काळात छात्राध्यापकांना पाठ घेण्यासोबत एका मुलाच्या घराचे वर्ष समजून घेण्याचे काम देता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेची विशेष शिबिरे बहुधा हिवाळ्यात होतात. स्थलांतरित गावात त्या वेळी वृद्ध आणि मुलेच उरलेली असतात. शिबिरातील सायंकाळचा एक तास मुलांच्या वाचनासाठी राखला, तर त्याचा लाभ तत्काळ दिसेल.

शिवाय, मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांत ऊसतोड कुटुंबांतून आलेले विद्यार्थी शिकत आहेत. हंगामाच्या काळातील त्यांची अनुपस्थिती ही बेफिकिरी मानण्यापूर्वी प्राध्यापकांनी तिचे कारण विचारणे, हेही कुटुंब-शिक्षणसंस्था सहकार्याचेच रूप आहे. आपल्या भावंडांच्या शाळेसाठी हेच विद्यार्थी सर्वांत विश्वासार्ह दुवा ठरू शकतात.

समारोप :
कुटुंब आणि शाळा यांच्यातील सहकार्य हे उपस्थितीपटावरील स्वाक्षऱ्यांनी मोजता येत नाही. घराचे वेळापत्रक, घराचे श्रम आणि घराची काळजी शाळेला ठाऊक असणे, तसेच मुलाच्या शिकण्यात आपण नेमके काय करू शकतो हे कुटुंबाला ठाऊक असणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे ते घडते. सक्तीचा कायदा आवश्यक आहे, परंतु पुरेसा नाही. कोसबाडच्या कुरणावर शाळा गेली, त्याला आता अनेक दशके लोटली. उसाच्या फडावरील खोपीपर्यंत आणि गावातील आजीच्या ओसरीपर्यंत शाळा पोहोचणे, हे त्याच कार्याचे पुढचे पाऊल होय. दसऱ्यापूर्वी केलेली एक यादी, दिलेली एक खात्री आणि हंगामात टिकवलेला संपर्क एवढ्यावर एखाद्या मुलाचे द्वितीय सत्र वाचू शकते. आणि अशा मुलांच्या बाबतीत बहुधा त्या एका सत्रावरच पुढील सारे शिक्षण अवलंबून असते.